पार्लरमधून गजकर्ण लागलं असं क्लायंट म्हणतेय, खरंच लागतं का आणि अजून काय काय लागतं?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं की बार्शीत तुमचं दोन खुर्च्यांचं पार्लर आहे, एका नेहमीच्या क्लायंटने हातपाय वॅक्स केले, दोनेक आठवड्यांनी तिच्या मांडीवर गोल खाजरे चट्टे उठले आणि आता ती भिशीच्या ग्रुपवर सांगत सुटलीय की तुमच्याकडूनच लागलं. तुम्ही सगळं डेटॉलच्या पाण्यात धुता, यूव्ही बॉक्सही आहे, मग लागेल कसं? आणि शेवटी विचारलंय की त्वचेचे, डोक्याचे, नखांचे कुठले रोग असे पसरतात आणि ते होतात कशामुळे.

आधीच सांगते, मी पुण्यात पार्लर चालवते आणि मुलींना शिकवते, डॉक्टर नाहीये. रोगाचं नाव ठरवणं स्किनच्या डॉक्टरांचं काम, आपलं काम एवढंच की हे काहीतरी लागणारं दिसतंय हे ओळखायचं आणि हात आवरायचा. तुमच्या क्लायंटला तुमच्याकडूनच लागलं का, हे इथे बसून मी काय, कोणीच सांगू शकत नाही. लागलेलं असू शकतं. घरातूनही लागलेलं असू शकतं आणि खरं सांगायचं तर त्याची शक्यता जास्त वाटते, का ते खाली लिहिते. पण "चूक कोणाची" यात अडकलात तर नुसती भांडणं होतील. कुठला जंतू कुठे दडून बसतो आणि कुठल्या वाटेने दुसऱ्याच्या अंगावर जातो हे एकदा कळलं की चूक कोणाची ते बरंचसं आपोआप कळतं आणि पुढच्या वेळी काय बदलायचं तेही.

आपल्याकडे डोक्यात एक पक्कं बसलेलं असतं की रोग घाणीतून येतो, त्यामुळे पार्लर चकाचक दिसलं, फरशीला फिनाईलचा वास आला की सगळे निर्धास्त. फरशीवरून गजकर्ण लागलेलं मी तरी बघितलं नाही. रोग लागायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात, एक जिवंत जंतू, त्याला न्यायला काहीतरी वस्तू किंवा हात, आणि शिरायला जागा. आणि ही जागा आपण स्वतः करून देतो हे विसरू नका. वॅक्स ओढला की केसाचं प्रत्येक भोक उघडं पडतं, वरची मेलेली कातडी निघते, थ्रेडिंगने बारीक ओरखडे येतात, पेडिक्युअरमध्ये क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी, कापलं की नखाच्या कडेचं सीलच तुटतं. म्हणजे घरी टॉवेलवरून जे कदाचित लागलं नसतं ते आपल्या खुर्चीत लागू शकतं.

आता गोल चट्ट्यांवर येऊ. कड लाल आणि उठलेली, मधे थोडं निवळलेलं, कडेला पापुद्रे आणि प्रचंड खाज असं असेल तर ते बहुतेक गजकर्ण, कोणी नायटा म्हणतं, म्हणजे बुरशी. ही बुरशी केराटिनवर जगते, आणि केराटिन म्हणजे आपल्या कातडीचा वरचा मेलेला थर, केस आणि नखं. म्हणून ही एकच बया अंगावर, जांघेत, पायाच्या बोटांच्या बेचक्यात, लहान मुलांच्या डोक्यात आणि नखात अशी सगळीकडे सापडते, जागा बदलली की रूप बदलतं एवढंच. तिचे कण त्या पापुद्र्यांमध्ये असतात आणि पापुद्रे गळून टॉवेलवर, गाऊनवर, बेडशीटवर पडतात, तिथे ते महिनोन्‌महिने तग धरू शकतात. पार्लरमध्ये ती जाते ती धुऊन परत वापरलेल्या कापडी वॅक्स स्ट्रिपवरून, दोघीतिघींना गुंडाळलेल्या एकाच गाऊनवरून, आणि डब्यात परत परत बुडवलेल्या वॅक्स नाइफवरून.

ह्या नाइफचं जरा नीट सांगते कारण नव्याण्णव टक्के मुली इथेच चुकतात आणि त्यांना ते चुकतंय असं वाटतही नाही. नाइफ डब्यात बुडवली, पायावर वरून खाली ओढली, राहिलेला वॅक्स डब्याच्या काठाला पुसला आणि परत बुडवली. त्या नाइफवर आता पायाची कातडी आहे, केस आहेत, आधीच्या केसाच्या भोकातून रक्ताचा ठिपका आला असेल तर तोही आहे. मी शिकवते तेव्हा दिवसभर वापरलेला डबा पातळ करून पांढऱ्या कापडातून गाळून दाखवते, कापडावर जे उरतं ते बघून मुली तोंड फिरवतात. "वॅक्स गरम असतो ना, जंतू मरतात" असं सगळ्याच म्हणतात, पण जो वॅक्स अंगाला सोसतो तो जंतूंनाही सोसतो. अजून एक म्हणजे क्लायंटच्या मांडीवर आधीच रुपयाएवढा चट्टा असेल आणि तिने तो सांगितला नाही, आपणही बघितला नाही, तर आपण त्याच नाइफने तिचंच गजकर्ण मांडीपासून घोट्यापर्यंत पेरतो. मग दोन आठवड्यांनी पायभर चट्टे उठतात आणि तिला वाटतं पार्लरमधून लागलं. पसरलं पार्लरमधूनच, आलं मात्र तिच्याबरोबर.

घरातून आलं असण्याची शक्यता जास्त का म्हटलं, तर गेल्या दहाएक वर्षांत आपल्या देशात गजकर्णाची अक्षरशः साथ आहे. पूर्वी महिनाभर मलम लावलं की जायचं, आता सहा सहा महिने गोळ्या खाऊन हटत नाही असे लोक प्रत्येक गल्लीत आहेत. यात एक बुरशी अशी निघालीय की तिच्यातल्या बऱ्याच प्रकारांवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषधच चालत नाही, २०२० साली तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव दिलं गेलं, नावातच इंडिया आहे यावरून समजा. वर मेडिकलमधून आणलेली "खाज-गजकर्णाची ट्यूब", जिच्यात स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध असं सगळं एकत्र असतं. स्टेरॉइडने दोन दिवसात खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश, आणि आत बुरशी आरामात पसरत राहते कारण शरीराचा विरोधच दाबून टाकलेला असतो. अशी बरीच स्टेरॉइड मलमं २०१८ मध्ये सरकारने चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी सहज मिळतात हे आपल्याला माहितीय. अशा ट्यूबा लावलेलं गजकर्ण गोल दिसतच नाही, कड पुसट होते, चट्ट्यात चट्टे दिसतात, त्यामुळे आपणही फसतो. शिवाय एकाच घरात नवऱ्याला जांघेत, सासूला कमरेला, मुलाला पाठीवर आणि सगळ्यांचे कपडे एकाच बादलीत भिजत. घट्ट सिंथेटिक लेगिंग, घाम, पावसाळ्यात न वाळलेले कपडे, हे सगळं त्यात भर घालतं. म्हणून तुमच्या क्लायंटला प्रेमाने विचारा, घरात अजून कोणाला आहे का, आणि तुमचं आधी जांघेतून सुरू झालं का. जांघेतून सुरू होऊन मांडीवर आलं असेल तर वॅक्सचा पहिला दोष नाही.

आता वेळेचा हिशोब, हा माझ्या मते सगळ्यात कामाचा. प्रत्येक जंतूला अंगावर दिसायला लागायला आपापला वेळ लागतो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आग, लाल पुरळ आलं तर ते बहुतेक कातडी चिडलेली असते किंवा वॅक्सच्या, क्रीमच्या ॲलर्जीचं, ॲलर्जी कधी कधी दोनतीन दिवसांनीही उठते, पण ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही. एकदोन दिवसांत केसाच्या मुळाशी पू असलेल्या बारीक पुळ्या आल्या तर ते फॉलिक्युलायटिस, त्यात बहुतेक वेळा स्टॅफ नावाचा जीवाणू असतो, आणि तो बऱ्याच लोकांच्या नाकात आणि अंगावर मुळातच राहतो. गजकर्णाला साधारण चार दिवस ते दोन आठवडे. मोलस्कम म्हणजे ते मोत्यासारखे, मधे खळगी असलेले दाणे, त्याला दोन ते सात आठवडे. खरूज पहिल्यांदाच होत असेल तर खाज सुरू व्हायलाच चार ते सहा आठवडे, तोवर तो माणूस मजेत फिरत असतो आणि खरूज इतरांना देत असतो, आणि आधी झालेली असेल तर मात्र चार दिवसांच्या आत. चामखिळींना तर महिने लागतात. म्हणजे "काल थ्रेडिंग केलं आणि आज चामखीळ आली" हे शक्य नाही, आणि "दोन आठवड्यांनी गजकर्ण" हे शक्य आहे. तुमच्या केसमध्ये वेळ जुळते हे मान्य करावं लागेल, पण वेळ जुळली म्हणजे सिद्ध झालं असंही नाही, त्या दोन आठवड्यांत ती अजून कुठे कुठे गेली, कोणाचा टॉवेल वापरला, घरात मांजराचं नवं पिल्लू आलंय का (मांजराच्या पिल्लांकडून एक प्रकारची बुरशी माणसाला सहज लागते), हे सगळं त्यात येतं.

बुरशी झाली. जीवाणूंमध्ये फॉलिक्युलायटिस, गळू, आणि लहान मुलांच्या नाकातोंडाभोवती मधाच्या रंगाची खपली धरते ते इम्पेटिगो, हे स्टॅफ किंवा स्ट्रेप्टोकोकसमुळे होतं आणि भलतंच लागतं, एका टॉवेलवर वर्गातली दहा पोरं. अशी खपली दिसली की फेशियल, क्लीनअप काही नाही.

विषाणूंचं प्रकरण आपल्या धंद्यात सगळ्यात दुर्लक्षित. चामखीळ ही एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होते आणि हा विषाणू चिवट आहे, साध्या स्पिरिटच्या बोळ्याला तो दाद देतोच असं नाही. कपाळावर आणि भुवयांच्या आसपास कातडीच्याच रंगाचे बारीक, चपटे दाणे ओळीने आलेले बघितलेत ना कधी? ओळीने येतात कारण आपण दोरा फिरवला त्या ओरखड्याच्या रेषेत विषाणू पेरला गेला. थ्रेडिंगनंतर अशा चपट्या चामखिळी आणि मोलस्कम झाल्याचं आपल्याकडच्या स्किनच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. आणि दोरा आपण धरतो कुठे? दातात! एका क्लायंटच्या भुवईवरून फिरलेला दोरा सरकत सरकत आपल्या तोंडात येतो आणि आपल्या थुंकीने ओला झालेला दोरा तिच्या ओरखड्यावर जातो. दोघींच्या बाजूने वाईट. दोरा गळ्यात अडकवून थ्रेडिंग करता येतं, आठवडाभर हात अवघडतात, मग सवय होते. नाहीच जमलं तर निदान प्रत्येकीला नवा दोरा आणि वापरलेल्या टोकावर परत दात नाही. अप्पर लिप करताना ओठाच्या कडेला पाण्याच्या बारीक फोडांचा पुंजका दिसला तर तो हर्पिस, तिथे दोरा लावायचाच नाही, पूर्ण वाळून खपली गळून पडेपर्यंत थांबा म्हणायचं. तिला राग आला तर येऊ दे.

रक्तातून जाणारं एक सांगायलाच हवं. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, पृष्ठभागावर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो, डोळ्याला डाग दिसत नसला तरी. सलूनमध्ये नवीन ब्लेड मागायची सवय पुरुषांना लागली, आपल्याकडे मात्र क्युटिकल निपर, ब्लॅकहेडची सुई, भुवयांचा रेझर हे अजून एकीवरून दुसरीवर फिरतात. स्वतः आणि मुलींनी हिपॅटायटिस बीची लस घेऊन टाका, तीन डोस असतात, शून्य, एक आणि सहा महिने.

डोक्याकडे वळू. उवा सगळ्यांना माहीत, पण उवा उडत नाहीत आणि उड्याही मारत नाहीत, केसाला केस लागला की चालत जातात, कधी कधी कंगव्यावरून. डोक्यावेगळी ऊ एकदोन दिवसांत मरते. त्यामुळे एका पोरीच्या उवांसाठी अख्खं पार्लर धुवायची गरज नाही, तिचे कंगवे, ब्रश, केप बाजूला काढा, कंगवे गरम पाण्यात पाचदहा मिनिटं ठेवा, पाणी हात घालवणार नाही इतकं गरम हवं. लिख केसाला गोंदासारखी चिकटलेली असते, कोंडा झटकला की उडतो, लिख नाही, हा फरक शिकवा मुलींना. आणि ओरडू नका हो, "अय्या उवा!" असं भरल्या पार्लरमध्ये म्हटलं की ती आई परत येत नाही.

लहान मुलाच्या डोक्यात गोल चकतीत केस तुटलेले, पापुद्रे, काळे ठिपके, मानेच्या मागे गाठ असं दिसलं तर ते डोक्याचं गजकर्ण, हे मुख्यतः वयात यायच्या आधीच्या मुलांना होतं आणि नुसत्या मलमाने किंवा शांपूने बरं होत नाही, गोळ्या लागतात कारण बुरशी केसाच्या आत शिरलेली असते. मुलाचा हेअरकट थांबवा, ट्रिमर त्याच्यावर फिरलाच असेल तर तो सुटा करून साफ करा. उलट चाई, म्हणजे गुळगुळीत गोल टक्कल, तिथे पापुद्रा नाही, खाज नाही, ती लागत नाही, शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळावर उठते त्याने होते. कोंडाही लागत नाही. त्यात मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टचा हात असतो पण ती आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात आधीपासून असते. पाठीवरची, छातीवरची पांढरट शिबं पण त्याच यीस्टमुळे, घामाच्या दिवसात वाढतात, एकाची दुसऱ्याला लागत नाहीत.

नखं. पिवळट, जाड, भुसभुशीत, कडेपासून उचललेलं नख म्हणजे बुरशी असू शकते, पण सोरायसिसमध्ये आणि घट्ट बुटाच्या माराने नख असंच दिसतं, त्यामुळे "तुम्हाला फंगस झालाय" असं ठामपणे सांगू नका, "हे एकदा डॉक्टरांना दाखवा" एवढंच. एक्स्टेन्शन किंवा जेल थोडं उचललं गेलं, त्या फटीत पाणी साठलं की नख हिरवं पडतं. लोक त्याला बुरशी म्हणतात पण तो सुडोमोनास नावाचा पाण्यातला जीवाणू, हिरवा रंग त्याचाच. त्यावर नवीन जेल लावून झाकायचं नाही, उघडं करून कोरडं राहू द्यायचं आणि डॉक्टर. नखाच्या कडेला ठणकणारी सूज, पू म्हणजे नखुर्डं, ते बहुतेकदा आपण क्युटिकल फार खोल कापल्याने. मी स्वतः कापणं कधीच बंद केलंय, मऊ करून नुसतं मागे ढकलते. क्लायंट कुरकुरतात की "स्वच्छ दिसत नाही", त्यांना सांगते की ती कातडी तिथे पाणी आत जाऊ नये म्हणूनच आहे.

पेडिक्युअर टबची एक गोष्ट सांगते, ती मी प्रत्येक बॅचला सांगते. २००० साली कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल गावात एका नेल सलूनमध्ये पेडिक्युअर केलेल्या शंभरावर बायकांच्या पायांवर न बरे होणारे गळू आले, महिनोन्‌महिने अँटिबायोटिक घ्यावे लागले. तपास करणाऱ्यांनी ते पाणी फिरवणारे टब उघडले तर आतल्या जाळीमागे केस आणि कातडीचा चोथा साठलेला, आणि त्यात मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम नावाचा, नळाच्या पाण्यात मुळातच असणारा जीवाणू पोसला गेलेला. बाहेरून टब चकचकीत. आणि ज्या बायकांनी पेडिक्युअरच्या आधी पायावर रेझर फिरवला होता त्यांना धोका जास्त निघाला, परत तीच शिरायची जागा. यावरून मी दोन नियम धरलेत, बुडबुड्यांचा टब ठेवायचा नाही, साधा गुळगुळीत टब, आणि वॅक्स किंवा शेव्ह केलेल्या दिवशी पेडिक्युअर नाही. कॉम्बो पॅकेज विकणाऱ्यांना हा दुसरा नियम आवडत नाही. पॅकेजमध्ये आधी पेडिक्युअर, मग वॅक्स असा क्रम लावलात तरी बराच फरक पडेल.

परजीवींमध्ये उवांशिवाय खरूज. ती एका किड्यामुळे होते, सार्कोप्टीस, तो कातडीत बोगदा करून अंडी घालतो. बोटांच्या बेचक्यात, मनगटाच्या आतल्या बाजूला, कमरेला, रात्री वाढणारी खाज, आणि घरात एकाहून जास्त लोक खाजवतायत, ही खूण. धरून बसलेल्या हातातून ती जाते, म्हणजे मॅनिक्युअर आणि मसाज करणारी मुलगी सगळ्यात आधी धरली जाते. किडा अंगाबाहेर दोनतीन दिवस राहतो, म्हणून त्या क्लायंटला वापरलेले टॉवेल पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस बाजूला ठेवले किंवा कडक गरम पाण्यात धुतले की पुरे.

आता उलटी बाजू, कारण ह्याचाही त्रास होतो लोकांना. कोड, सोरायसिस, इसब, वांग, मुरूम, चाई यातलं काहीही लागत नाही. कोड असलेल्या मुलीला "आमच्याकडे होत नाही" म्हणून परत पाठवणारी पार्लरं अजून आहेत, मला त्याची चीड येते. फक्त एक लक्षात घ्या, कोड किंवा सोरायसिस वाढत्या स्थितीत असेल तर ओरखडा, वॅक्स, जोरात स्क्रब यांनी नेमकं त्याच जागी नवं उठू शकतं, तो त्रास तिचा तिलाच होतो. म्हणून विचारायचं, समजावून सांगायचं आणि ती हो म्हणाली तर हलक्या हाताने करायचं.

आता तुमचं डेटॉल आणि यूव्ही बॉक्स. पाण्यात चार थेंब टाकून वास आला म्हणजे जंतू मेले असं नाही, ते मुळात कातडीसाठीचं अँटिसेप्टिक आहे, अवजारांवर चिकटलेल्या बुरशीच्या कणांसाठी त्यावर विसंबू नका. यूव्ही बॉक्समध्ये उजेड पडेल तिथेच काय ते काम, कात्रीच्या बिजागरीत, खालच्या बाजूला नाही, आणि वर तेलकट थर असेल तर तिथेही नाही. साफ केलेली वस्तू ठेवायचं कपाट म्हणून वापरा. खरं काम पहिल्या पायरीत आहे, साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने सांधे घासून काढायचे, कारण थर राहिला तर वरून कितीही भारी औषध ओता, ते आत पोचतच नाही. घासल्यावर कोरडं करून स्टीलची वस्तू ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे कुकरसारख्या दाबाच्या वाफेच्या यंत्रात, १२१ डिग्री, १५ पौंड प्रेशर, वीस मिनिटं. छोटे ऑटोक्लेव्ह मिळतात, निपर आणि सुया वापरत असाल तर तो खर्च टाळू नका. फणी, प्लास्टिक, टब यांना सोडियम हायपोक्लोराइट, बाजारातलं चारपाच टक्क्यांचं असेल तर एक भाग त्यात नऊ भाग पाणी, दहा मिनिटं, रोज ताजं बनवा, आणि टॉयलेट क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी गॅस होतो. स्टीलला ते गंज आणतं, म्हणून प्लकर, कात्रीला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. ९९ वालं जास्त चांगलं असं दुकानदार सांगेल, ऐकू नका, जंतू मारायला त्यात पाणी असावं लागतं. लाकडी काडी, एमरी फाइल, बफर, प्युमिक दगड, स्पंज हे सगळं सच्छिद्र, ते निर्जंतुक होतच नाही, एकीला वापरून फेकायचं किंवा तिलाच देऊन टाकायचं. टॉवेल, गाऊन ६० डिग्रीच्या पाण्यात घरच्या कपड्यांपासून वेगळे, आणि खडखडीत वाळवून. बार्शीच्या उन्हात त्याची तरी अडचण नाही.

कापडी स्ट्रिप धुऊन वापरत असाल तर आजपासून बंद. एकदा वापरून फेकायच्या पट्ट्यांचा नॉनवोव्हन रोल घ्या. नाइफ डब्यात परत बुडवायची नसेल तर आधी लागेल तेवढा वॅक्स वाटीत काढून घ्या, त्या क्लायंटपुरता, उरलेला टाकून द्या. दहावीस रुपयांचा वॅक्स वाया जातो, तो रेटमध्ये धरा. रोल-ऑन कार्ट्रिज सगळ्यांना एकच असेल तर त्यातही तीच गडबड आहे बरं का, लोक त्याला हायजिनिक समजतात.

नाही कसं म्हणायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत पण त्यातच सगळं अडतं. रोगाचं नाव घ्यायचं नाही, चेहरा वाकडा करायचा नाही, दुसऱ्या क्लायंटसमोर तर मुळीच नाही. मी म्हणते, "ताई, इथली स्किन जरा चिडलेली दिसतेय, आज वॅक्स केला तर वाढेल, आधी डॉक्टरांना दाखवून घ्या, तोवर मी तुमचं हेअर स्पा करून देते." दहातल्या नऊजणी ऐकतात. दहावी शेजारच्या पार्लरमध्ये जाते, जाऊ द्या. आणि वॅक्सच्या आधी चांगल्या उजेडात पाय, मांडी, काख बघायची सवय लावा, ट्यूबलाइटचा उजेड कमी पडत असेल तर हातात टॉर्च घ्या.

राहता राहिली तुमची क्लायंट. ग्रुपवर उत्तर देऊ नका, तिला फोन करा. "माझ्याकडून लागलं नाही" हेही म्हणू नका आणि "माझं चुकलं" हेही नको, कारण दोन्ही तुम्हाला माहीत नाही. स्किनच्या डॉक्टरकडे जा म्हणा, मेडिकलमधली ट्यूब लावू नका हे आवर्जून सांगा, आधीच लावत असेल तर डॉक्टरांना ते सांगायला सांगा. डॉक्टर पापुद्रा खरवडून त्यावर केओएच नावाच्या, पापुद्रा विरघळवणाऱ्या रसायनाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघतात, बुरशी आहे की नाही ते बऱ्याचदा तिथेच कळतं, आणि घरातल्या ज्यांना खाज आहे त्या सगळ्यांचे उपचार एकदमच व्हायला हवेत नाहीतर ते घरातल्या घरात फिरत राहतं. तिच्या आगेमागे त्या दोनतीन दिवसांत वॅक्स केलेल्या अजून कोणाला असं काही झालंय का हे तुमच्या वहीतून काढून एकेकीला फोन करून विचारा. कोणालाच नसेल तर तुमच्या डब्यातून आलं असण्याची शक्यता बरीच कमी, दोघीतिघींना असेल तर डबा आणि उरलेल्या स्ट्रिप त्याच दिवशी फेका आणि त्यांनाही डॉक्टरकडे पाठवा. वही ठेवत नसाल तर आता सुरू करा, तारीख, नाव, काय केलं, आणि कातडीवर काही दिसलं असेल तर ते एका ओळीत.